१४.०४, १८.०४, २२.०४ : शाळेच्या संगणकावरील लिनक्सचा आवृत्तीबदल

मे २०१९ मध्ये केरळमधील एक बातमी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. राज्यातील शाळांमधले दोन लाखांहून अधिक संगणक लिनक्सच्या नव्या आवृत्तीवर चालणार आणि त्यामुळे सरकारचे ३,००० कोटी रुपये वाचणार, अशी ती बातमी होती. बहुतेक मथळे त्या ३,००० कोटींपाशीच थांबले. त्या आकड्यामागचा हिशेब साधा होता. शाळेतील एका संगणकावर लागणाऱ्या सर्व आज्ञावलींचे मालकी परवाने विकत घेतले, तर दीड लाख रुपये खर्च येईल असे धरायचे आणि त्याला दोन लाखांनी गुणायचे. घाऊक खरेदी करणारे कोणतेही सरकार छापील किंमत मोजत नाही. त्यामुळे हा आकडा बचतीची वरची मर्यादा म्हणून वाचणे बरे.

त्याच बातमीत आणखी एक आकडा होता, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही : १८.०४. हा उबुंटू या लिनक्स वितरणाच्या आवृत्तीचा क्रमांक. त्यातील १८ म्हणजे २०१८ हे वर्ष आणि ०४ म्हणजे एप्रिल महिना. उबुंटूची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यांपैकी दर दोन वर्षांनी निघणारी एक आवृत्ती दीर्घकालीन आधाराची असते, म्हणजे तिच्यातील सुरक्षाविषयक दोष पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त केले जातात. केरळमधील शाळांची त्याआधीची आवृत्ती १४.०४ वर बेतलेली होती आणि तिची पाच वर्षे एप्रिल २०१९ मध्ये भरली. म्हणजे जुन्या आवृत्तीचा आधार सुटला आणि सुमारे महिनाभरात, शाळा उघडण्याच्या तोंडावर, नवी आवृत्ती हजर झाली. मधली फट एवढी लहान राखणे ही त्या बातमीतील खरी कामगिरी होती. ती समजून घ्यायची, तर लिनक्सची आवृत्ती बदलणे म्हणजे काय आणि आपल्या देशात ते काम आजवर कसकसे झाले, हे पाहावे लागते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या त्या जोडणीचा वेग होता ९.६ किलोबिट प्रतिसेकंद. एका सीडीवर मावणारी ६५० मेगाबाइट माहिती या वेगाने उतरवून घ्यायची झाली, तर तार एकदाही न तुटता सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जगासमोर ठेवलेली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलेली ही कार्यप्रणाली विनामूल्य होती खरी. पण भारतीय विद्यार्थ्यापर्यंत ती तारेवरून पोहोचणे जवळजवळ अशक्य होते.

ती पोहोचली मासिकातून. ‘पीसी क्वेस्ट’ या संगणकविषयक मासिकाने १९९६ मध्ये आपल्या अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी दिली. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस. जर्मनीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले चिटणीस पुढे बंगळुरूमधील मुक्त आज्ञावलींच्या परिषदांचे प्रमुख संयोजक झाले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतरही अनेक वर्षे हे मासिक लिनक्सच्या सीडी वाचकांना देत राहिले, आणि त्या काळातील असंख्य भारतीय अभियंत्यांची लिनक्सशी पहिली ओळख अशा सीडीवरूनच झाली. साहजिकच, त्या पिढीसाठी आवृत्तीबदलाचा अर्थही सीडीने ठरवला. नवा अंक आला की नवी सीडी घालायची, तबकडीचा एक भाग पुसायचा आणि सगळे नव्याने बसवायचे. जुन्या घराची डागडुजी करण्याऐवजी दरवर्षी नवे घर बांधून सामान हलवण्यासारखाच हा प्रकार. हौशी माणसाला त्यात मौज वाटे. पण दोनशे संगणकांची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला ती परवडण्यासारखी नव्हती.

राहत्या घराचे वासे बदलण्याची विद्या त्याच सुमारास दुसरीकडे आकार घेत होती. डेबियन या स्वयंसेवी वितरणाने आरंभापासून एक आग्रह धरला : एकदा बसवलेली कार्यप्रणाली पुन्हा पुसायला लागू नये, आवृत्ती बदलली तरी यंत्र तेच, धारिका त्याच, आणि काम शक्य तितके चालू राहावे. हा आग्रह निभावणे सोपे गेले नाही. १९९५ च्या अखेरीस सीडी विकणाऱ्या एका कंपनीने डेबियनची अर्धवट, विकासाधीन प्रत ‘१.०’ असे नाव देऊन विकून टाकली. लोकांचा घोळ होऊ नये म्हणून डेबियनने १.० हा क्रमांकच सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये आपली आवृत्ती १.१ या क्रमांकाने आणली. आवृत्तीचा क्रमांक हे एक प्रकारचे वचन असते. ते दुसऱ्याच कोणी परस्पर देऊन टाकले, तर काय होते याचे हे जुने उदाहरण.

त्याहून अवघड प्रसंग १९९८ चा. लिनक्सवरील जवळपास प्रत्येक आज्ञावली ‘सी’ भाषेच्या एका सामायिक ग्रंथालयावर उभी असते. डेबियन २.० मध्ये हे पायाभूत ग्रंथालयच बदलले आणि नवे ग्रंथालय जुन्या आज्ञावलींना चालणारे नव्हते. आता अडचण अशी, की आवृत्ती बदलण्याचे काम करणारी साधनेसुद्धा त्याच ग्रंथालयावर उभी होती. क्रम चुकला, तर ज्या आज्ञाकवचात आपण आज्ञा टंकतो तेच बंद पडायचे, आणि मग ‘आता पुढे काय’ हे यंत्राला सांगण्याची सोयच उरायची नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचा हा प्रकार टाळण्यासाठी कोणते पॅकेज आधी आणि कोणते नंतर, याचा नेमका क्रम बांधून देणारी एक छोटी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहावी लागली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, डेबियन २.१ सोबत ‘ॲप्ट’ हे साधन आले आणि हा क्रम लावण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले.

ॲप्ट काय करते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा नीट समजून घ्यावे. लिनक्सवरील प्रत्येक पॅकेजासोबत त्याच्या अटी लिहिलेल्या असतात : मला अमुक पॅकेज अमुक आवृत्तीचे किंवा त्याहून नवे हवे, मला या दोघांपैकी एक चालेल, ते तिसरे असेल तर मी राहू शकत नाही. साध्या घरगुती संगणकावर अशी दीड-दोन हजार पॅकेजे असतात. आवृत्ती बदलताना या सर्वांच्या सर्व अटी एकाच वेळी पाळणारा नवा संच शोधायचा असतो. हे कोडे तर्कशास्त्रातील ‘समाधेयता’ या प्रश्नाचेच रूप आहे. २००६ च्या सुमारास ‘ईडॉस’ या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी त्याची रीतसर सिद्धता दिली : दिलेले पॅकेज बसवता येईल की नाही हे ठरवणे हा ‘एनपी-पूर्ण’ वर्गातला प्रश्न आहे, म्हणजे सर्वसाधारण स्थितीत त्याला झटपट सोडवणारी कोणतीही पद्धत आज ज्ञात नाही. व्यवहारात हे गणित बहुतेक वेळा काही सेकंदांत सुटते, कारण पॅकेजे बनवणारे लोक अटी शहाणपणाने लिहितात. जिथे कोणीतरी बाहेरून, स्वतःच्या गरजेसाठी, वेगळे पॅकेज आणून बसवलेले असते तिथे ते अडते. पडद्यावर ‘अटी पूर्ण होत नाहीत’ असा संदेश येतो आणि यादी लांबत जाते.

यादी सुटली तरी एक प्रश्न यंत्र माणसालाच विचारते. मांडणीच्या एखाद्या धारिकेत वापरणाऱ्याने बदल केलेला असेल आणि नव्या आवृत्तीतही ती धारिका बदललेली असेल, तर काम थांबते : तुमची जुनी धारिका ठेवू, की नवी घेऊ? उत्तर दिले नाही तर जुनीच राहते. जाणकाराला हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण समोर इतिहास किंवा जीवशास्त्र शिकवणारे, संगणक कक्षाची जबाबदारी अंगावर पडलेले शिक्षक बसलेले असतात आणि असे चाळीस संगणक ओळीने मांडलेले असतात, तेव्हा तो किरकोळ राहत नाही. आवृत्तीबदलाचे यशापयश अखेरीस अशा खोल्यांमध्ये ठरते. केरळचा इतिहास वाचण्यासारखा आहे तो यासाठी.

केरळमध्ये शालेय संगणक शिक्षणाची आखणी करण्यासाठी नेमलेल्या कृतिगटाचे अध्यक्ष होते इस्रोचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव. त्यातून २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प उभा राहिला. आरंभीचे पाठ विंडोज गृहीत धरून आखलेले होते. त्याच वर्षी तिरुवनंतपुरममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ची सुरुवात झाली. सरकारी शाळेतील मुलांना एकाच कंपनीच्या वस्तूची सवय का लावायची, असा प्रश्न मुक्त आज्ञावलींचे कार्यकर्ते आणि शिक्षकांची संघटना विचारू लागली. काही वर्षे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदल्या. २००५ मध्ये माहिती तंत्रज्ञान हा विषय दहावीच्या परीक्षेत आला आणि २००८ च्या सुमारास ती परीक्षा पूर्णपणे मुक्त आज्ञावलींवर होऊ लागली. शाळांसाठीचे लिनक्स प्रथम डेबियनवर आणि पुढे उबुंटूवर बेतले गेले.

परीक्षा लिनक्सवर आली आणि आवृत्तीबदलाला पंचांग मिळाले. प्रात्यक्षिक परीक्षा संगणकावरच घेतली जाते आणि तिची आज्ञावली शाळेच्या यंत्रांवर बसवावी लागते. ती ज्या आवृत्तीवर तपासली गेली, तीच आवृत्ती परीक्षेच्या दिवशी यंत्रावर असायला हवी. म्हणून वर्षाच्या मध्ये कोणी उत्साहाच्या भरात नवी आवृत्ती घालून चालत नाही. परीक्षा आटोपल्यानंतरची उन्हाळ्याची सुट्टी हाच काय तो काळ मिळतो. मे २०१९ ची ती घोषणा मे महिन्यात का झाली, याचा उलगडा इथे होतो.

दुसरे बंधन पाठ्यपुस्तकाचे. चित्रकामासाठी गिम्प आणि इंकस्केप, भूमितीसाठी जिओजेब्रा, लेखनासाठी लिब्रे ऑफिस अशी साधने केरळमधील मुले शिकतात. ‘या मेनूत जा, ते बटण दाबा’ अशा सूचना पुस्तकात छापलेल्या असतात. पुस्तक छापले की काही वर्षे तेच चालते. आज्ञावली मात्र थांबत नाही. २०१० च्या अखेरीस ओपन ऑफिसमधून फुटून लिब्रे ऑफिस वेगळे निघाले. २०११ मध्ये उबुंटूने पडद्याची मांडणीच बदलून ‘युनिटी’ आणली, आणि पुढे तीही सोडून १७.१० मध्ये ‘नोम’चा नवा अवतार स्वीकारला. घरच्या वापरकर्त्याने दोन दिवस कुरकुर करून नवी जागा शोधली असेल. पुस्तकात मेनू डावीकडे आणि पडद्यावर तो दुसरीकडेच, असे वर्गात झाले तर मात्र तास वाया जातो. शाळांसाठी उबुंटू जसेच्या तसे न देता त्याची स्वतःची रचलेली आवृत्ती देण्यामागे हेही एक कारण दिसते : कोणती साधने, कोणत्या भाषेत, कोणत्या जागी असतील हे पुस्तकाशी जुळवून घेता येते. केरळमधील शाळा मल्याळमखेरीज कन्नड आणि तमिळ माध्यमांच्याही आहेत, त्यामुळे ही जुळणी एका भाषेपुरती कधीच नव्हती.

आणि भाषेचाच एक प्रश्न असा होता, की जो कोणत्याही इंग्रजीभाषक देशातील आवृत्तीबदलात आला नसता. मल्याळममध्ये काही व्यंजनांना स्वर न लागता शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये येणारी खास रूपे आहेत. त्यांना चिल्लू अक्षरे म्हणतात. संगणकावर ती पूर्वी व्यंजन, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन संकेतांनी लिहिली जात. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या युनिकोड ५.१ ने त्यांच्यासाठी स्वतंत्र संकेत दिले. मल्याळम संगणनातील स्वयंसेवकांपैकी अनेकांचा, विशेषतः ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’ या गटाचा, याला विरोध होता, कारण जुने आणि नवे लेखन परस्परांशी समान मानण्याची तरतूद युनिकोडमध्ये केलेली नव्हती. परिणाम असा, की पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राच्या लेखी वेगळे ठरू लागले. आवृत्ती बदलली आणि टंकलेखनाची साधने नव्या संकेतांनी लिहू लागली, तर कालपर्यंत साठवलेल्या धारिकांत आजचा शब्द शोधून सापडत नाही. नवा संकेत न ओळखणारा जुना फॉन्ट असेल, तर अक्षराच्या जागी नुसती चौकट दिसते.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’ या शब्दांतील डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकच. पण शोध घेताना एकाने दुसरा सापडेलच याची खात्री नाही. भारतीय लिप्यांसाठी मुक्त फॉन्टांची जी ‘लोहित’ मालिका बहुतेक लिनक्स वितरणांतून मिळते, तिचे मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले होते. २००४ मध्ये रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. २०१२ च्या सुमारास लिनक्सच्या पडद्यावरील अक्षरजुळणीचे काम ‘हार्फबझ’ या नव्या यंत्रणेकडे गेले. अशा प्रत्येक बदलानंतर कोणाला तरी बसून जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागली, कारण अक्षर चुकले आहे हे ते वाचता येणाऱ्यालाच कळते. ज्या भाषांना असे तपासणारे लोक मिळाले, त्यांचे वापरकर्ते नव्या आवृत्तीवर विनासायास गेले.

राष्ट्रीय पातळीवर हेच काम ‘बॉस’ने अंगावर घेतले. ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ या नावाची ही डेबियनवर बेतलेली प्रणाली प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, चेन्नई केंद्राने तयार केली आणि जानेवारी २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अनंत, तेजस, सावीर, अनोखा अशा नावांनी तिच्या आवृत्त्या येत गेल्या. डेबियन ७ मे २०१३ मध्ये निघाले आणि त्यावर बेतलेली ‘अनोखा’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. भारतीय भाषांचे आपले सगळे संस्कार नव्या पायावर पुन्हा चढवून चार महिन्यांत आवृत्ती देणे हे लहान काम नव्हे. ‘बॉस म्हणजे डेबियनला दुसरे नाव’ अशी थट्टा करणाऱ्यांना या कामाचा अंदाज नसतो. दुसऱ्याच्या पायावर घर बांधणाऱ्याला पाया हलला की प्रत्येक वेळी आपल्या भिंती नव्याने जुळवून घ्याव्या लागतात.

बॉसची अडचण निर्मितीत कमी आणि पुढच्या टप्प्यात अधिक होती. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्यांवर विंडोज आणि बॉस या दोन्ही प्रणाली होत्या. लॅपटॉप घरी गेला, की त्यावरील लिनक्सची आवृत्ती बदलणे सर्वस्वी त्या विद्यार्थ्याच्या इंटरनेट जोडणीवर आणि धाडसावर अवलंबून राहते. शेजारी ओळखीची दुसरी प्रणाली तयार असताना तो विद्यार्थी हजारभर पॅकेजे बदलण्याच्या भानगडीत का पडेल? केरळने यंत्रे शाळेत ठेवली, तमिळनाडूने ती मुलांच्या हाती दिली. मुलाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक उदार होती, यात शंका नाही. आवृत्तीबदलाच्या दृष्टीने मात्र ती फार अवघड होती.

प्रयोगशाळांची तऱ्हा आणखी निराळी. भौतिकशास्त्राच्या संशोधकांना आवृत्ती बदलायचीच नसते, कारण ज्या यंत्रणेवर विश्लेषण केले तीच राहिली, तर उत्तर पुन्हा तेच येईल याची शाश्वती असते. याच गरजेतून २००४ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅब आणि युरोपातील सर्न यांनी ‘सायंटिफिक लिनक्स’ हे संथगतीने बदलणारे वितरण चालवायला घेतले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्र ही सर्नच्या प्रयोगांच्या जागतिक संगणनजाळ्यातील भारतीय केंद्रे. पायाभूत लिनक्स बदलले की त्यांनाही बदलावे लागते. एप्रिल २०१९ मध्ये फर्मिलॅबने जाहीर केले, की सायंटिफिक लिनक्सची आठवी आवृत्ती निघणार नाही. त्याऐवजी सेंट-ओएस वापरावे. डिसेंबर २०२० मध्ये त्या सेंट-ओएस ८ चाच आधार नियोजित मुदतीच्या आठ वर्षे आधी, २०२१ च्या अखेरीस, संपेल अशी घोषणा झाली. ज्यांनी स्थैर्यासाठी घर बदलले, त्यांना उंबऱ्यातच पुन्हा बोचके बांधावे लागले. मागे उरलेल्या सातव्या आवृत्तीची मुदतही ३० जून २०२४ रोजी संपली.

केरळमध्ये परतायचे, तर तिथला सर्वांत मोलाचा निर्णय तांत्रिक नव्हताच. आवृत्तीबदलासाठी माणसे तयार करण्यात आली. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षक शिक्षक नेमले गेले. ते नवी आवृत्ती आधी शिकतात, मग शाळांतील शिक्षकांना शिकवतात. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि २०१८ मध्ये शाळाशाळांतून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे सुरू झाली. शाळेच्या संगणकांची देखभाल करणे, अडलेल्याला मदत करणे ही कामे ही मुले करतात. मुक्त आज्ञावली दिनाला भरणाऱ्या शिबिरांत लोक आपापले संगणक घेऊन येतात आणि त्यांवर शाळांचेच लिनक्स बसवून दिले जाते. सीडीच्या काळातील हौशी तरुणांच्या जागी आता नववीतील मुलगी बसलेली असते, इतकाच फरक.

तरीही हे सगळे सुरळीत चालले असे म्हणणे खोटे ठरेल. उबुंटूच्या एका दीर्घकालीन आवृत्तीवरून थेट पुढच्याच दीर्घकालीन आवृत्तीवर जाता येते, १४.०४ वरून १८.०४ वर जायचे तर मध्ये १६.०४ चा थांबा घ्यावाच लागतो. लाखो यंत्रांवर असे दोनदा आवृत्ती बदलण्यापेक्षा सगळे पुसून नव्याने बसवणे स्वस्त पडते. डेबियनने ज्यासाठी १९९० च्या दशकात एवढा खटाटोप केला, ती राहत्या घरी वासे बदलण्याची सोय मोठ्या प्रमाणावर वापरताच येत नाही. मासिकाच्या सीडीची जुनी पद्धत तिथे वेगळ्या रूपात परत येते, आणि मुलांनी साठवलेल्या धारिका आधी बाजूला काढून ठेवण्याचे काम शिक्षकांच्या माथी येते. शिवाय यंत्रेही म्हातारी होतात. उबुंटूने ऑक्टोबर २०१७ पासून डेस्कटॉपची ३२-बिट सीडी काढणे बंद केले. जुन्या यंत्रावर लिनक्स हलके चालते ही त्याची ख्याती. पण वितरणानेच त्या यंत्राकडे पाठ फिरवली, तर एक तर वेगळे हलके वितरण शोधायचे, नाही तर यंत्र अडगळीत टाकायचे. विनामूल्य आज्ञावलीचा हा खर्च ३,००० कोटींच्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता.

२०१९ नंतरचा बदलही वेळेवर झाला नाही. १८.०४ चा नियमित आधार ३१ मे २०२३ रोजी संपला, आणि २२.०४ वर बेतलेली काइटची आवृत्ती शाळांसाठी आली ती २०२४ मध्ये. आधी एका महिन्याची असलेली फट अनेक महिन्यांची झाली. या काळात संगणक चालूच होते, तास होत होते, परीक्षाही झाल्या. आधार संपलेले यंत्र बंद पडत नसते. दोष सापडत राहतात आणि ते बुजवणारी दुरुस्ती येत नाही, एवढेच.

दरम्यान ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक बातमी देशभर झळकली. संरक्षण मंत्रालय आपल्या कार्यालयीन संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटूवर बेतलेली ‘माया’ ही देशात घडवलेली प्रणाली बसवणार, अशी. यावेळीही मथळे नावावर आणि स्वदेशीपणावर होते. उबुंटूच्या पायावर उभ्या असलेल्या कोणत्याही प्रणालीला उबुंटूचे पंचांग चुकत नाही, मग ती शाळेत असो वा मंत्रालयात. तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी यंत्रांपुढे कोण बसणार आणि कोणत्या महिन्यात, हे त्या मथळ्यांत नव्हते.

२२.०४ ची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतील. तोवर केरळमधील ज्या शाळांना नवी यंत्रे मिळाली आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे अजून जुनीच आहेत त्यांच्यासाठीही, पुन्हा एकदा परीक्षेची आज्ञावली नव्या पायावर तपासावी लागेल, पुस्तकातील मेनूंच्या जागा जुळवाव्या लागतील आणि चिल्लू अक्षरे नीट दिसतात का, हे कोणा मल्याळम वाचणाऱ्याला पडद्याजवळ जाऊन पाहावे लागेल.